आधी रात्री मोजा

सकाळी सहा

एप्रिलमध्ये चहाच्या आधी फोन वाजतो. बेंगळूरला व्हिसासाठी ठसे देऊन रात्रीच्या गाडीनं परतलेली मंडळी हुबळी स्टेशनात उतरतात आणि रिक्षा ठरवायच्या आधी मला फोन लावतात. "अक्का, झालं री काम. पण त्या बाईंनी आमचं हॉटेलचं कागद दोनदा बघितलं. काय झालं असंल?" काहीही झालेलं नसतं. ज्या कागदावर मुक्कामाच्या रात्री लिहिलेल्या असतात तो कागद दोनदा बघतातच.

हुबळीत पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे पासपोर्ट घरबसल्या म्हणावा तसा मिळतो. पॅरिसला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी मात्र बेंगळूर गाठावं लागतं. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, बाकी सगळ्यांनी स्वतः जायचं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, म्हणून पाचेक वर्षांत दुसऱ्यांदा जाणाऱ्यांचं काम हलकं होतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी सांगते, पॅरिसचा प्रवास राणी चन्नम्मा एक्स्प्रेसपासून धरा. रजा आणि बजेट मांडताना बेंगळूरची ही फेरी बहुतेक जण विसरतात.

आठ

घरात डबे भरले जाताहेत. पॅरिस उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागं असतं, म्हणजे तिकडं आत्ता पहाटेचे साडेचार. तिकडं गेलेले सगळे झोपलेले, इकडचे आंघोळीत. दिवसातला माझा एवढाच निवांत तास, आणि तो मी हॉटेलं वाचण्यात घालवते.

वाचण्यात म्हणजे खरंच वाचण्यात. फोटो बघण्यात अर्थ नसतो. कोपऱ्यात उभं राहून रुंद भिंगानं काढलेल्या फोटोत दहा चौरस मीटरची खोलीसुद्धा दिवाणखान्यासारखी दिसते. मी आधी खोलीचं क्षेत्रफळ शोधते, मग लिफ्ट आहे का ते बघते, मग आधी राहून गेलेल्यांच्या तक्रारींत 'जिना' हा शब्द. पॅरिसच्या जुन्या इमारती शंभर-दीडशे वर्षांच्या. लिफ्ट नंतर जिन्याच्या पोटात बसवलेली, दोन माणसं आणि एक बॅग मावली तरी पुष्कळ. काही ठिकाणी तीही नसते. सहाव्या मजल्यावर छपराखाली पूर्वी मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्या आता पर्यटकांना भाड्यानं देतात. खिडकीतून आयफेल टॉवर दिसतो हे खरं. पण तो बघायला रोज सहा जिने चढायचे. देशपांडे नगरात बंगल्यात राहिलेल्या माणसाला ही कल्पनाच नसते.

दुसरी गोष्ट पिन कोडची. पॅरिस शहराचे वीस भाग आहेत, मध्यापासून गोगलगाईच्या शंखासारखे वळत बाहेर गेलेले. पत्त्यातल्या पिन कोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे भागाचा नंबर. ७५०१४ म्हणजे चौदावा. पत्ता ७५ नं सुरू होत असेल तरच ते हॉटेल पॅरिसमध्ये आहे. ९५ म्हणजे विमानतळाच्या बाजूला, ७७ म्हणजे डिस्नेलँडच्या अंगाला, ९३ म्हणजे उत्तरेचं उपनगर. जाहिरातीत तिन्ही ठिकाणी 'पॅरिस'च छापलेलं असतं. स्वस्त ग्रुप टूरची हॉटेलं बहुधा याच आकड्यांत सापडतात. माझ्याकडे कुणी दुसऱ्याचं कोटेशन घेऊन आलं, "तुमच्यापेक्षा चाळीस हजारांनी कमी आहे बघा की" म्हणालं, तर मी आधी पिन कोड विचारते.

दहा

कोप्पीकर रोडच्या एका बोळात पहिल्या मजल्यावर आमचं ट्रॅव्हल ऑफिस. एक मुलगी आणि एक पोरगा माझ्याबरोबर आहेत. पोरगा कागद लावतो, मुलगी अपॉइंटमेंटच्या तारखा बघत बसते. एप्रिलमध्ये तारखा मिळणं हेच निम्मं काम. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवसांची, आणि निकालालाही साधारण तेवढेच दिवस धरायचे. तरीही उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं तर जानेवारीत या, हे दरवर्षी सांगूनही लोक युगादीचा गूळ-कडुनिंब खाल्ल्यावरच येतात.

आज पहिलं गिऱ्हाईक विद्यानगरातलं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं जोडपं, बरोबर मुलाची आई. मुलाच्या मोबाइलमध्ये यादी: पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, झुरिक, व्हेनिस, रोम. नऊ रात्री.

"सहा शहरं आणि नऊ रात्री," मी म्हटलं, "म्हणजे एका गावात दीड रात्र. अर्धी रात्र कुठं झोपणार तुम्ही?"

मुलगा हसला. "मॅडम, झोपायला कशाला जायचं?"

हे वाक्य मला रोज ऐकू येतं आणि रोज मी त्याच्याशी भांडते. शहर बदलायचा म्हणजे एक दिवस गेलाच: सकाळी खोली सोडायची, सामान ओढत स्टेशन, दोन-चार तासांची गाडी, पुन्हा सामान, दुपारी तीनशिवाय नवीन खोली मिळत नाही, आवरून बाहेर पडेपर्यंत पाच. नऊ रात्रींत पाच वेळा शहर बदललं तर पाच दिवस बॅगांचे आणि उरलेले युरोपचे. म्हणून मी दिवस मोजू देत नाही, रात्री मोजायला लावते. कागदावर आडव्या नऊ रेघा मारायच्या आणि प्रत्येक रेघेवर उशी कुठं ते लिहायचं. तीन रेघांहून कमी ज्या शहराच्या वाट्याला येतील ते शहर खोडायचं. पॅरिसला मी पाच देते. चारच्या खाली कुणी मागितलं तर मला वाईट वाटतं, पण गिऱ्हाईक सोडता येत नाही.

वकिलातही रात्रीच मोजते. शेंगेनच्या २९ देशांना व्हिसा एकच असतो, पण अर्ज कुणाकडे करायचा हे सर्वाधिक मुक्कामावर ठरतं. मुक्काम सारखेच असतील तर जिथं आधी उतरणार त्या देशाकडे. फ्रान्समध्ये दोन रात्री आणि इटलीत चार असताना केवळ तारीख लवकर मिळते म्हणून फ्रान्सकडे अर्ज करायचा, हा सल्ला गावात फुकट वाटला जातो. मी तो पाळत नाही. नकाराचा शिक्का बसला की पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचं उत्तर द्यावं लागतं.

सून इतका वेळ गप्प होती. तिनं पेन घेतलं, रोम आणि व्हेनिस खोडलं, मग झुरिक. सासूबाई म्हणाल्या, "अगं, स्वित्झर्लंड नको म्हणतीस?" "पुन्हा जाऊ की," ती म्हणाली. पॅरिस पाच, ॲमस्टरडॅम चार. ब्रुसेल्स दोन्हींच्या वाटेवर आहे, गाडीतून दिसेल तेवढं दिसेल. पोरीला धंद्यात घ्यावं असं वाटून गेलं.

साडेअकरा

धारवाडच्या माळमड्डीतले काका-काकू. काका बँकेतून निवृत्त झालेले, फाइल माझ्यापेक्षा नीटनेटकी: तीन महिन्यांचा खातेउतारा, इन्कम टॅक्सची रिटर्न्स, पेन्शनचा कागद, घराच्या उताऱ्याचं भाषांतर. मुलगी पॅरिसमध्ये शिकते. "हॉटेल कशाला? लेकीकडंच राहणार," काकू म्हणाल्या.

लेकीकडे राहायचं तर फ्रान्सचा एक वेगळा कागद लागतो. यजमानानं आपल्या भागातल्या पालिकेत, म्हणजे मेरीत, अर्ज करून पाहुणे ठेवून घेण्याचं प्रमाणपत्र काढायचं. त्याला ३० युरोंचं तिकीट लावायचं आणि मूळ कागद कुरिअरनं इकडं पाठवायचा. जागा किती मोठी, भाडेकरार कुणाच्या नावावर, पाहुणे किती, हे सगळं पालिका बघते. लेकीची खोली अठरा चौरस मीटरची. त्यात तिचा पलंग, टेबल, चूल, बाथरूम. तिथं आणखी दोघांचा मुक्काम पालिकेला पटणं कठीण. विद्यार्थी वसतिगृह असेल तर प्रश्नच मिटला.

काकूंना हे लागलं. "आमच्या पोरीच्या घरात आम्ही राहायचं नाही म्हणजे काय री?" आपल्याकडे पाहुणा वाढला की गाद्या वाढतात, तिथं कागद वाढतात, यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. काकांनी हिशेबाचा प्रश्न विचारला. रोजच्या खर्चाची तयारी दाखवताना फ्रान्स तीन दर लावतं. पालिकेचं प्रमाणपत्र असेल तर माणशी दिवसाला साडेबत्तीस युरो, हॉटेलचं बुकिंग असेल तर ६५, काहीच नसेल तर १२०. त्यांच्या खात्यात ६५ च्या दरानं महिनाभर पुरेल इतकं होतं.

मग मी माझं मत सांगितलं. तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, स्वयंपाकघराचा कोपरा असलेली खोली घ्या. दिवसभर तिच्यासोबत राहा, तिच्या चुलीवर भात लावा, रात्री झोपायला आपल्या खोलीवर या. परीक्षेच्या दिवसांत पोरीलाही अभ्यासाला जागा मिळेल. काकू लगेच हो म्हणाल्या नाहीत. 'लेकीला विचारून सांगतो' यावर थांबलं. लेक काय सांगणार ते मला माहीत होतं, कारण तिनंच काल मला तसा मेसेज केला होता.

दीड

जेवण टेबलावरच. तिकडे सकाळचे दहा झाले, म्हणजे तिकडचे फोन सुरू.

पहिला फोन मेट्रोच्या गेटवरून. बाप पुढं गेला, आई आणि दोन पोरं मागं अडकली. एकाच कार्डात चार तिकिटं भरली होती, ती चौघांनी वापरायला बघितली. पॅरिसमध्ये नाविगो कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं. एका कार्डावर एका वेळी एकच माणूस आत जातो. कार्ड दोन युरोंचं. हे मी लेखी देते, तरी होतंच. ज्यांनी हुबळी-धारवाडच्या चिगरी बसचं स्टेशन बघितलंय त्यांना गेट कसं उघडतं ते सांगावं लागत नाही, फक्त बाहेर पडेपर्यंत कार्ड जपायचं हे सांगावं लागतं. आत तपासनीस उभे असतात आणि परदेशी म्हणून दंड माफ करत नाहीत.

तिकिटांचं गणित मात्र आता सोपं झालंय. जानेवारी २०२५ मध्ये झोनची कटकट काढून मेट्रो आणि उपनगरी गाडीचं सगळ्या प्रदेशाला एकच तिकीट केलं, अडीच युरोंचं. बसचं दोन युरो. पुढं त्यात थोडी वाढ होत राहते. विमानतळाचं तिकीट तेवढं वेगळं, माणशी तेरा-चौदा युरो. आता चौघांचं कुटुंब धरा: गाडीनं पन्नास-पंचावन्न युरो लागणार. शार्ल द गॉल विमानतळावरून टॅक्सीचे दर सरकारनं बांधून दिलेले आहेत, सेन नदीच्या उजव्या तीरावर ५६ आणि डाव्या तीरावर ६५ युरो. चार माणसं आणि चार बॅगा असतील तर टॅक्सीच बरी. दोघं असतील तर गाडी. मात्र टॅक्सीच्या अधिकृत रांगेत उभं राहायचं. आत येऊन "टॅक्सी, टॅक्सी" म्हणणाऱ्याच्या मागं जायचं नाही, तो शंभराच्या वर मागतो.

दुसरा फोन आठवड्याच्या पासबद्दल. हा पास सोमवार ते रविवार चालतो, विकत घेतल्यापासून सात दिवस नाही. त्यात विमानतळही येतो. सोमवारी उतरणाऱ्याला तीस-बत्तीस युरोंत सोनं आहे, गुरुवारी उतरणाऱ्याला तोट्याचा. त्यासाठीच्या कार्डावर फोटो लागतो. म्हणून व्हिसाचे फोटो काढताना दोन जास्त काढून घ्या असं मी सांगते आणि लोकांना वाटतं, हिला फोटोवाल्याकडून कमिशन मिळतं.

तीन

कागदांचा तास. यात सांगण्यासारखं फार नाही. पासपोर्टची मुदत परतीनंतर तीन महिने हवी, दोन पानं कोरी हवीत. विमा किमान ३०,००० युरोंचा. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बाराच्या मुलांना निम्मी, त्याखाली माफ. व्हिसा केंद्राचा सेवाखर्च वेगळा.

हा तास रेंगाळतो तो नावात. आमच्या भागात पासपोर्टांवर नावांची तऱ्हा असते. कुणाचं आडनावच नाही, कुणाच्या आडनावाच्या जागी गावाचं नाव, मराठी घरांतल्या बायकांच्या पासपोर्टावर माहेरचं नाव आणि लग्नाच्या दाखल्यावर सासरचं. पुरावा जोडला की व्हिसाला ते चालतं. विमानाच्या तिकिटावर मात्र अक्षर न् अक्षर पासपोर्टाप्रमाणे हवं. पोरगा तिकीट काढतो, मुलगी तपासते, मी पुन्हा तपासते. तिघांनी बघितल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत असा ऑफिसचा नियम आहे.

साडेचार

खालून गिरमिट आणि मिरची भजी आली. चुरमुऱ्यांना मसाला लागून ते मऊ पडायच्या आत गिरमिट खायचं असतं. नेमकं तेव्हाच नऊ जणांचं कुटुंब जिना चढून आलं.

दुर्गदबैलच्या बाजूला दुकान असलेली मंडळी. दोन भाऊ, दोन जावा, चार मुलं आणि आजी. मे महिन्यात पॅरिसला सहा रात्री. सगळ्यांना एकाच ठिकाणी राहायचंय, एकत्र जेवायचंय, आणि आजींचे गुडघे दुखतात. आजच्या दिवसातलं खरं काम हे.

हॉटेलात नऊ जणांना पाच खोल्या लागतील. पॅरिसमध्ये तिघांची खोली मिळणं अवघड, चौघांची त्याहून अवघड. 'एक्स्ट्रा बेड टाका' म्हणायला तिथं जमिनीवर जागाच नसते. शिवाय शहराचा मुक्काम-कर माणशी, दर रात्री. हॉटेलचे तारे वाढले की करही वाढतो. अठराखालच्यांना तो लागत नाही. दुसरा मार्ग भाड्याच्या फ्लॅटचा. धाकट्या भावानं एक शोधूनही आणला होता, चार खोल्यांचा, स्वस्त. मी जाहिरात उघडली. पालिकेचा नोंदणी क्रमांक नव्हता. पॅरिसमध्ये असा क्रमांक जाहिरातीत असावाच लागतो, आणि स्वतः राहतं घर पर्यटकांना देणाऱ्याला २०२५ पासून वर्षात ९० रात्रींची मर्यादा आहे. क्रमांक नसलेली जागा पोहोचण्याच्या आदल्या दिवशी रद्द झाली तर नऊ माणसं आणि नऊ बॅगा रस्त्यावर. धाकटा म्हणाला, "पण रिव्ह्यू चांगले आहेत, वैनी." रिव्ह्यू असू देत. आजींना घेऊन जाताना असा जुगार मी खेळू देणार नाही.

तिसरा मार्ग मला बरा वाटतो: अपार्ट-हॉटेल. खोल्या हॉटेलच्या, पण प्रत्येकीत दोन शेगड्या, फ्रिज, भांडी. लिफ्ट असते, रात्री खाली माणूस असतो. एकाच मजल्यावर तीन युनिट मागायची. भाग मी चौदावा सुचवला, दाँफेर-रोशरो चौकाजवळचा. विमानतळाची गाडी तिथं थेट येते. मेट्रोची सहा नंबरची लाइन तिथून पुढं आयफेल टॉवरच्या अंगानं, जमिनीच्या वरून जाते, त्यामुळे पोरांना फुकटात देखावा. जवळ रू दागेर नावाचा भाजी-फळांचा रस्ता आहे. गार द्यू नॉरच्या आसपास इडली-डोसा आणि स्वस्त हॉटेलं दोन्ही मिळतात हे खरं. पण रात्री दहानंतर बायका-मुलांसह त्या स्टेशनच्या भोवती फिरणं मला पसंत नाही. तिकडं एक दिवस जेवायला जायचं. त्याच बाजूला अठराव्या भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांनी चालवलेलं माणिक्क विनायकर आलयम आहे, १९८५ मध्ये सुरू झालेलं. पॅरिसात गणपती आहे म्हटल्यावर आजी पहिल्यांदा खुर्चीत सावरून बसल्या.

मेट्रोच्या बहुतेक स्टेशनांत मात्र लिफ्ट नाहीत, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. जाळं शंभर वर्षांवरचं. सगळ्या स्टेशनांत लिफ्ट असलेली लाइन एकच, चौदा नंबरची. आजींनी बस धरायची. खिडकीतून शहरही दिसतं, आणि भुयारापेक्षा बसमध्ये भाऊ-भाऊ कमी भांडतात असा माझा अनुभव आहे.

मग शिदोरी. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मसाल्याची पूड, पोह्यांचा चिवडा, हे सगळं चालेल. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आणि धारवाड पेढा, तिथं कुणाला द्यायला." युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. पेढा म्हणजे आटवून आटवून भाजलेलं दूधच. कस्टमवाल्यानं डबा उघडला तर त्याच्याशी धारवाडच्या लाइन बाजारातल्या पेढ्याच्या इतिहासावर चर्चा करत बसणार का? पेढा घरी ठेवा. प्रेशर कुकर न्या, पण विजेवरचा नेलात तर अडॅप्टर लागेल. व्होल्ट आपल्यासारखेच आहेत, भोकं वेगळी आहेत. आपली बारीक दोन पिनांची चार्जरं चालतात, तीन पिनांचं काहीही चालत नाही.

तारखा बघताना आणखी एक गोष्ट निघाली. त्यांनी ३० एप्रिलला उतरायचं ठरवलं होतं. १ मेला फ्रान्स बंद असतं. लुव्र बंद, ओर्से बंद, दुकानं बंद. ८ मेलाही सुट्टी. शिवाय लुव्र दर मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा दर सोमवारी. जेवणाची वेळ सांभाळायची तेही सांगितलं, कारण दुपारी अडीच ते सात बरीच स्वयंपाकघरं बंद असतात, आणि मेमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असल्यामुळे पोरांना भूक कळत नाही. कळते तेव्हा एकदम नऊ जणांना कळते.

प्रवास त्या सुट्ट्यांच्या पुढं ढकलला. गिरमिट पार मऊ झालं होतं.

सहा

काका-काकू परतीच्या बसला जायच्या आधी पुन्हा डोकावले. लेकीशी बोलणं झालं होतं. हॉटेल.

मी त्यांना एक गृहपाठ दिला, जो मी साठीपुढच्या सगळ्यांना देते. हुबळी स्टेशनचा फलाट १,५०७ मीटर लांब आहे, जगात सर्वांत लांब म्हणून मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पायात प्रवासातलेच बूट घालायचे, चाकांची बॅग भरून घ्यायची, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं. शात्ले स्टेशनात गाडी बदलायची म्हणजे भुयारातून असंच चालत राहावं लागतं, आणि लुव्र तर त्याहून पाय मोडतं. तीन किलोमीटरनंतर कंबर काय म्हणते ते घरी येऊन मला सांगा, मग दिवसाला किती ठिकाणं ठेवायची ते ठरवू. प्लॅटफॉर्म तिकीट काढायला विसरू नका.

आठ

ज्यांचं परवा विमान आहे अशा एका घरी दाजीबानपेठेत गेले. हे बोलणं ऑफिसात करून उपयोग नसतो, बॅगा उघड्या असताना करायचं.

मंगळसूत्र आणि पाटल्या घरी. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, झेरॉक्स खिशात, फोटो मोबाइलमध्ये. विमानतळाच्या गाडीत आणि मेट्रोच्या एक नंबरच्या लाइनवर खिसेकापू हमखास. दार बंद होताना धक्का बसला तर आधी खिशाला हात. मोंमार्त्रच्या पायऱ्यांवर मनगटात दोरा बांधायला येणाऱ्याला हात द्यायचाच नाही, हात मागं बांधून चालायचं. सह्या मागणाऱ्या मुली, जमिनीवर सापडलेली 'सोन्याची' अंगठी दाखवणारा माणूस, सगळे एकाच शाळेचे. पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग सोळाव्या भागातला भारतीय दूतावास. अडचणीत ११२.

घरधनी म्हणाले, "पैशाची काळजी नाही, यूपीआय आहे तिथं." २०२४ च्या फेब्रुवारीत आयफेल टॉवरच्या तिकिटांना यूपीआय सुरू झालं, त्याची बातमी इतकी फिरली की पॅरिसची भाजीवालीही आता स्कॅनर ठेवते असा समज झालाय. ठेवत नाही. फॉरेक्स कार्ड आणि थोडे युरो रोख.

टॉवरच्या लिफ्टची तिकिटं साठ दिवस आधी उघडतात आणि लवकर संपतात. यांची राहून गेली होती. मग जिना, दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या. पोरं तयार, आईनं खाली बसून आइस्क्रीम खायचं ठरवलं. लुव्रचं तिकीट जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्यांना ३२ युरो झालंय. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं, संध्याकाळी गेलं तर गर्दी जरा विरळ. आणि फुकट म्हणाल तर नोत्र दाम. २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये उघडलं, आत जायला पैसे नाहीत.

पाणी विकत घेऊ नका, नळाचं पितात. हॉटेलात 'काराफ दो' म्हणा, पाण्याचा चंबू फुकट येतो. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर', नंतर प्रश्न. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण नमस्कार न करता थेट भाव विचारणाऱ्याला तिथं उद्धट समजतात आणि आपली माणसं नंतर येऊन सांगतात की फ्रेंच लोक उद्धट आहेत. धाकट्यानं लगेच मोठ्यांदा 'बोंजूरी' म्हणून दाखवलं. हुबळीचा 'री' त्याच्या जिभेवरून काही जात नाही.

सव्वादहा

तिकडे पावणेसात. दिवसभर फिरून लोक बाकावर टेकलेले असतात, म्हणून माझा मोबाइल आत्ता सगळ्यात जास्त वाजतो. एकानं सार्वजनिक शौचालयाचं दार कसं उघडतं ते विचारलं. ते फुकट असतं, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं, प्रत्येक वापरानंतर ते स्वतःला धुतं. एकीच्या खोलीत किटली नाही. खाली मागा, मिळेल, नाही मिळाली तर गरम पाणी मिळेल. एक काका काळजीत, विमानतळावर पासपोर्टवर शिक्काच मारला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर ठसे आणि चेहरा नोंदवायची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं लागू झाली, तुमची नोंद संगणकात गेली, झोपा.

मग गेल्या आठवड्यात गेलेल्या केशवापूरच्या डॉक्टरांचा फोन. "अक्का, एक दिवस मोकळा आहे. उद्या ॲमस्टरडॅम करून येऊ म्हणतो. गाडी साडेतीन तासांचीच आहे."

"जाऊन-येऊन सात. तिकीट बघितलंत का? आदल्या दिवशी काढलं तर माणशी शंभराच्या वर जाईल, तेही एका बाजूचं."

"ते देऊ. तुम्ही फक्त सांगा, जमतंय का?"

"मुलांना विचारलंत?"

पलीकडे काही वेळ फ्रेंच गाड्यांचा आवाज, मग मुलांचा, मग बायकोचा. डॉक्टर परत आले. "ते म्हणतात खालच्या बागेतच जायचं. काल तिथं होड्या सोडल्या म्हणे."

"लुक्झेंबर्गची बाग. होड्या भाड्यानं मिळतात, शिडाच्या. दुपारी जा. सोमवार आहे, ओर्से बंद असतं, तिकडं फिरकू नका. आणि परवाची टॅक्सी सकाळी सातची सांगू की साडेसातची?"

"साडेसात."

"सात सांगते."